सूत्रांच्या मागचे कर्नल

संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षी ऑपरेटिंग सिस्टीम हा विषय सुरू झाला की थोड्याच दिवसांत विद्यार्थ्याच्या वहीत गँट चार्ट येतो. पी१, पी२, पी३ अशा तीन-चार प्रोसेस, प्रत्येकीची येण्याची वेळ आणि तिला लागणारा बर्स्ट टाइम असा तक्ता दिलेला असतो. त्यावरून एफसीएफएस, एसजेएफ, राउंड रॉबिन या पद्धतींनी क्रम लावायचा आणि सरासरी प्रतीक्षाकाळ काढायचा. विद्यापीठाच्या परीक्षेत यावर हमखास प्रश्न येतो, गेटलाही येतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९च्या अभ्यासक्रमात याचेच प्रॅक्टिकलही होते: शेड्युलिंगच्या चार पद्धतींचे सिम्युलेशन करणारा प्रोग्रॅम लिहायचा, पेज रिप्लेसमेंटचे सिम्युलेशन करायचे, आणि दोन्ही जर्नलला लावायचे. यातले गणित चुकीचे नाही. मात्र त्या तक्त्यातला बर्स्ट टाइमचा रकाना सर्वसाधारण वापराच्या कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टीमजवळ नसतो. आता सीपीयू मागणारी प्रोसेस तो किती वेळ वापरणार, हे कर्नलला कोणीही सांगत नाही. हे माहीत नसणे हाच शेड्युलिंगचा मूळ प्रश्न आहे, आणि प्रश्नपत्रिका त्याचे उत्तर तक्त्यातच देऊन टाकते.

पाठ्यपुस्तकांचे लेखक ही अडचण जाणतात. मागच्या वापरावरून पुढचा अंदाज बांधण्याचे सूत्र ते देतात, अनेक पातळ्यांच्या रांगांची पद्धतही सांगतात. ती पद्धत एमआयटीतल्या सीटीएसएस या सिस्टीमसाठी फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये मांडली, आणि ती जन्मलीच या अज्ञानातून: प्रोसेस कशी वागते ते पाहत जायचे आणि त्याप्रमाणे तिचा दर्जा खाली-वर करायचा. तरीही वर्गात वजन मिळते ते गणिताला. पेज रिप्लेसमेंटचीही हीच गत आहे. एलआरयू सोडवताना विद्यार्थ्यासमोर पेजच्या क्रमांकांची पूर्ण मालिका असते, आणि कोणते पेज सर्वांत आधीपासून वापरात नाही हे तो बोट ठेवून सांगू शकतो. खऱ्या कर्नलला ही मालिका कधी दिसतच नाही. प्रोग्रॅम मेमरी वाचतो तेव्हा कर्नल चालू नसते. हार्डवेअर फार तर पेज टेबलातल्या नोंदीत ‘हे पेज वापरले गेले’ अशी एका बिटची खूण करते, तीही कधी वापरले ते न सांगता. या एका बिटवरून एलआरयूच्या जवळपास कसे पोहोचायचे, हा रचनेचा प्रश्न आहे. डेडलॉकचेही तसेच: डायकस्ट्रा यांचा बँकर्स अल्गोरिदम प्रत्येक प्रोसेसची कमाल मागणी आधी कळलेली आहे असे गृहीत धरतो. लिनक्स किंवा विंडोजच्या कर्नलमध्ये डेडलॉक टाळण्यासाठी तो वापरत नाहीत. तिथे लॉक कोणत्या क्रमाने घ्यायची याची शिस्त पाळतात. परीक्षेच्या तयारीत मात्र बँकर्सची कोष्टके भरण्यात तास जातात आणि लॉकच्या क्रमाला एखादे वाक्य मिळते.

या तीन उदाहरणांतून पुढे येणारा मुद्दाच या प्रस्तावनेचे प्रतिपादन आहे. ऑपरेटिंग सिस्टीम हा विषय निर्णयाच्या सूत्रांपुरता नाही. तो निर्णय कोणत्या परिस्थितीत घ्यावा लागतो, यात या विषयाचा गाभा आहे. कर्नलला माहिती अपुरी असते. सीपीयू बहुतेक वेळ दुसऱ्याच्या ताब्यात असतो आणि तो परत मिळण्याची खात्री टायमरच्या इंटरप्टमुळेच असते. ज्या प्रोग्रॅमसाठी ते राबते त्याच्यावर विश्वास ठेवता येत नाही, आणि वीज कोणत्याही क्षणी जाऊ शकते. सिम्युलेशनमध्ये यातले काहीच नसते, कारण ते साधा प्रोग्रॅम म्हणून दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या आश्रयाने चालते. म्हणून महाविद्यालयीन अभ्यासक्रमाच्या मध्यभागी एक छोटे, खरोखर चालणारे कर्नल असावे. विद्यार्थ्याने ते आरंभापासून अखेरपर्यंत वाचावे आणि त्यात थोडा तरी बदल करून पाहावा. पाठ्यपुस्तक, सूत्रे, गणिते या सगळ्यांनी त्याच्याभोवती यावे.

ही मागणी नवी नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स यांनी १९७६-७७ मध्ये युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा कर्नल-कोड विद्यार्थ्यांसाठी छापून घेतला आणि त्यावर ओळीगणिक भाष्य लिहिले. तो कोड सुमारे नऊ हजार ओळींचा होता. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांची ही सिस्टीम तेव्हा प्रत्यक्ष कामाला लावलेली होती, आणि तरीही एका माणसाला ती पूर्ण समजून घेता येईल इतकी आटोपशीर होती. एका सत्रात विद्यार्थ्याने अख्खे कर्नल वाचावे, हे लायन्स यांनी शक्य करून दाखवले. पुढे १९७९च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्यात एटी अँड टीने हा कोड वर्गात शिकवण्यास मनाई केली आणि लायन्स यांचे भाष्य छापील पुस्तकांच्या बाजारात येऊ शकले नाही. जगभरच्या संगणक विभागांत ते छायाप्रतींच्या छायाप्रतींतून फिरत राहिले आणि १९९६ मध्ये रीतसर प्रकाशित झाले. जवळजवळ दोन दशके लोकांनी एका क्रमिक टिपणाच्या अस्पष्ट प्रती सांभाळून ठेवल्या, त्या कुतूहलापोटी नव्हेत. ती गरज दुसऱ्या कोणत्याही पुस्तकाने भागत नव्हती.

परवान्याच्या त्या मनाईमुळेच अ‍ॅमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी मिनिक्स हे नवे छोटे कर्नल स्वतः लिहिले आणि १९८७ मध्ये पाठ्यपुस्तकासोबत त्याचा कोड छापून दिला. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स लिहायला घेतले तेव्हा त्यांच्या संगणकावर मिनिक्स होते आणि त्याआधी टॅनेनबॉम यांचे पुस्तक त्यांनी वाचलेले होते. एमआयटीत काही वर्षे पुन्हा लायन्स यांचेच भाष्य वापरून शिकवले गेले, पण त्यासाठी विद्यार्थ्यांना बाद झालेल्या पीडीपी-११ची असेंब्ली शिकावी लागे. म्हणून २००६ मध्ये तिथल्या अध्यापकांनी सहाव्या आवृत्तीची रचना आजच्या यंत्रांवर नव्याने लिहिली. तीच एक्सव्ही-६. आरंभी ती इंटेलच्या प्रोसेसरसाठी होती, नंतर रिस्क-फाइव्ह या खुल्या रचनेवर आली. तिचा कोड दहा हजार ओळींच्या आत आहे, त्यावरचे छोटेखानी पुस्तक फुकट मिळते, आणि क्यूएमू या इम्युलेटरमुळे ती कोणत्याही साध्या लॅपटॉपवर चालते.

असे कर्नल वाचून नेमके काय हाती लागते, हे एका जागेवर थांबून पाहू. कॉन्टेक्स्ट स्विचची आकृती प्रत्येक पुस्तकात असते: एका प्रोसेसची स्थिती साठवली, दुसरीची परत आणली. एक्सव्ही-६ मध्ये हे काम ‘स्विच’ नावाचे असेंब्लीतले छोटे फंक्शन करते. चौदा रजिस्टरे मेमरीत ठेवायची, दुसरीकडून चौदा भरायची आणि परत फिरायचे. मात्र परत फिरायचा पत्ता आणि स्टॅक हेही त्या चौदांतलेच, त्यामुळे फंक्शनला बोलावते एक प्रोसेस आणि ते परत फिरते दुसरीकडेच, शेड्युलरमध्ये. तिथून शेड्युलर तिसऱ्या कोणाला निवडतो, आणि मागे केव्हातरी थांबलेली ती प्रोसेस आपण कधी थांबलोच नव्हतो अशा थाटात पुढच्या ओळीवर जाते. एका प्रोसेसने घेतलेले लॉक शेड्युलर सोडतो, हे विद्यार्थ्याला पहिल्या वाचनात चूक वाटते. ते तसे का असावे लागते हे उमगले की ‘प्रोसेस’ म्हणजे काय याची परीक्षेपुरती व्याख्या गळून पडते आणि तिच्या जागी खरी कल्पना येते. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत नेमक्या याच ठिकाणी, हे तुम्हाला समजावे अशी अपेक्षा नाही, अशा अर्थाची टीप कर्त्यांनी लिहून ठेवली होती. रिची यांनी नंतर खुलासा केला की हे परीक्षेत विचारणार नाही अशा भावनेने ती लिहिली होती, आणि खरी अडचण अशी होती की तिथे काय घडते आहे ते त्यांनाही पुरते कळलेले नव्हते. प्रोसेस बदलण्याची ती युक्ती पीडीपी-११च्या कंपायलरच्या एका सवयीवर अवलंबून होती. युनिक्स दुसऱ्या यंत्रावर न्यायची वेळ आली तेव्हा ते उघड झाले. ज्यांनी ही सिस्टीम घडवली त्यांनाही जी गोष्ट कोड दुसरीकडे चालवल्यावरच कळली, ती विद्यार्थ्याला आकृतीवरून कळेल असे मानणे योग्य नाही.

दुसरी जागा याहूनही श्रीमंत आहे. एखादी प्रोसेस पाइपमधून डेटा वाचू पाहते, डेटा नाही, म्हणून ती झोपते. डेटा टाकणारी दुसरी प्रोसेस तिला उठवते. सांगायला हे दोन वाक्यांचे काम. आता दोन सीपीयू आहेत असे समजा. पहिलीने पाहिले, डेटा नाही. झोपण्याच्या बेतात असतानाच दुसऱ्या सीपीयूवरच्या प्रोसेसने डेटा टाकला आणि हाक दिली. झोपलेले कोणीच नसल्याने हाक वाया गेली. आणि मग पहिली झोपली ती कायमची. हे टाळायला पाइपचे लॉक हातात ठेवूनच झोपावे, तर दुसरीला डेटा टाकताच येत नाही आणि दोघी अडकतात. एक्सव्ही-६ मधले उत्तर असे: झोपवणाऱ्या फंक्शनलाच ते लॉक सोपवायचे, त्याने आधी प्रोसेसचे स्वतःचे लॉक घ्यायचे, मगच पाइपचे सोडायचे, आणि उठवणाऱ्यालाही प्रोसेसचे लॉक घेतल्याशिवाय तिची स्थिती तपासता येऊ नये. अवघ्या काही ओळींचा हा कोड आहे. त्यातल्या दोन ओळींची अदलाबदल करून पाहिली तर सिस्टीम बराच वेळ नीट चालते आणि मग एकदा, कारण न सांगता, थांबते. समवर्ती कामातल्या चुका अशाच असतात, आणि त्या ओळखण्याची नजर कोष्टके भरून येत नाही.

या मताविरुद्धचा सर्वांत वजनदार आक्षेप तात्त्विक आहे. एखाद्या विशिष्ट कोडमध्ये बुडालेला विद्यार्थी त्या कोडचाच होऊन राहतो. यंत्रे बदलतात, तत्त्वे टिकतात, म्हणून महाविद्यालयाने तत्त्वे शिकवावीत. तत्त्वे टिकतात हे खरे आहे. डायकस्ट्रा यांच्या सेमाफोरला सहा दशके झाली आणि तो आजही शिकवावाच लागतो. पण डायकस्ट्रा आणि त्यांच्या लहानशा गटाने आइंडहोव्हनमध्ये एक पूर्ण सिस्टीम बांधून चालवली होती आणि १९६८च्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधात तिची रचना थर लावून सांगितली होती. तत्त्व आणि बांधकाम त्यांच्याकडे एकत्रच वाढले. उलट, तत्त्व ठाऊक असून ते चालत्या सिस्टीममध्ये न ओळखल्याची नोंद १९९७च्या मार्स पाथफाइंडरने ठेवली आहे. मंगळावर उतरल्यानंतर यानाचा संगणक पुन्हा पुन्हा रीसेट होऊ लागला. हवामानाची माहिती गोळा करणाऱ्या कमी प्राधान्याच्या कामाने एक लॉक धरले होते, वरच्या प्राधान्याचे काम त्याची वाट पाहत होते, आणि मधल्या प्राधान्याची कामे लॉक धरणाऱ्याला सीपीयू मिळू देत नव्हती. प्रायॉरिटी इन्व्हर्जन नावाचा हा दोष आणि त्यावरचा प्राधान्य-वारशाचा उपाय शा, राजकुमार आणि लेहोट्स्की यांच्या १९९०च्या निबंधात सविस्तर आला होता. यानावरच्या व्हीएक्सवर्क्स सिस्टीममध्ये तो उपाय तयारही होता, फक्त त्या लॉकसाठी बंद ठेवलेला होता. पृथ्वीवरच्या प्रतिकृतीवर दोष पुन्हा घडवून, मागोवा काढून, अभियंत्यांनी तो इथून चालू केला. यात त्या अभियंत्यांना दोष देण्यासारखे काही नाही. इतक्या दूरच्या यंत्रात हा दोष शोधणे हे मोठेच काम होते. ते जमले कारण चालत्या कर्नलचा माग कसा काढायचा हे त्यांना येत होते.

दुसरा आक्षेप असा की एक्सव्ही-६ हे खेळणे आहे, शिकवायचेच तर लिनक्स शिकवा. एक्सव्ही-६ मध्ये पुष्कळ काही नाही. तिचा शेड्युलर म्हणजे प्रोसेसच्या यादीतून फिरणारे एक साधे चक्र आहे. पण लिनक्सच्या कोडने तीन कोटी ओळी केव्हाच ओलांडल्या आहेत. त्यातला एखादा कोपरा एका सत्रात दाखवता येईल, संपूर्ण वस्तू नाही, आणि रचना समजायला संपूर्ण वस्तू लागते. फोर्क आणि एक्झेक हे दोन कॉल वेगळे का ठेवले, हे शेलचा कोड वाचताना दिसते: दोहोंच्या मधल्या फटीत शेल फाइल डिस्क्रिप्टर बदलते आणि इनपुट-आउटपुट हवे तिकडे वळवते. हे कळायला शेल, फोर्क आणि फाइल टेबल हे तिन्ही एकाच वेळी नजरेसमोर असावे लागतात. शिवाय लहान म्हणजे खेळणे हे समीकरण चुकीचे आहे. ज्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात लायन्स शिकवत, त्याच्याशी जोडलेल्या संशोधकांनी २००९ मध्ये एसईएल-४ या मायक्रोकर्नलचा कोड त्याच्या ठरवलेल्या वर्णनाप्रमाणेच वागतो, हे गणिती पुराव्याने सिद्ध केले. त्या कर्नलचा सी भाषेतला कोड सुमारे ८,७०० ओळींचा आहे. लहान होता म्हणूनच तो सिद्ध करता आला.

तिसरा आक्षेप पालक आणि विद्यार्थी दोघेही घेतात: कर्नल लिहिण्याची नोकरी किती जणांना मिळणार? फार थोड्यांना. पण लॉक, हरवलेली हाक, अर्धवट लिहिलेली फाइल हे प्रश्न कर्नलपुरते नाहीत. डेटाबेस आणि बँकेचे सर्व्हर यांत तेच आहेत. एक्सव्ही-६ची फाइल सिस्टीम बदल आधी लॉगमध्ये लिहिते आणि मग एका ब्लॉकच्या एका लेखनाने पक्का करते. वीज त्याआधी गेली तर बदल झालाच नाही, नंतर गेली तर पूर्ण झाला. हीच शिस्त पैशांच्या व्यवहारात लागते. आज नोकरीच्या अनेक जाहिरातींत मागितला जाणारा डॉकर लिनक्समधल्या नेमस्पेस आणि सीग्रुप या सोयींवर उभा आहे. आणि १९ जुलै २०२४ रोजी काय झाले ते अजून विस्मरणात गेलेले नाही. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचा एक भाग विंडोजच्या कर्नलमध्ये चालतो. त्या दिवशी आलेल्या अपडेटने त्याला एकविसावे मूल्य वाचायला लावले, प्रत्यक्षात वीसच दिलेली होती. साध्या प्रोग्रॅममध्ये अशा चुकीने तो प्रोग्रॅम पडला असता, कर्नलमध्ये अख्खी यंत्रे पडली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ती ८५ लाख होती, आणि भारतातल्या विमानतळांवरही हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. युजर मोड आणि कर्नल मोड यांतला फरक लिहा, हा दोन गुणांचा प्रश्न आपण ज्या सहजतेने पाठ करवून घेतो, तिच्याबद्दल यानंतर तरी अस्वस्थ व्हायला हवे.

उरतो तो व्यवहाराचा आक्षेप, आणि महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांच्या बाबतीत तोच सर्वांत खरा आहे. अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवते, पेपर बाहेरून येतो, शिक्षकाकडे दोन-तीन विषय असतात, सत्र बघता बघता सबमिशनपाशी येते. एकट्या शिक्षकाने हे सगळे बदलावे अशी अपेक्षा करणे अन्याय होईल. बदल अभ्यासमंडळांनी करायचा आहे, आणि तो प्रचंड नाही. सिम्युलेशनची प्रॅक्टिकले निम्मी करावीत. त्यांच्या जागी एक्सव्ही-६ मधले तीन बदल ठेवावेत: एक नवा सिस्टीम कॉल घालणे, शेड्युलरला प्राधान्य शिकवणे, आणि फोर्कच्या वेळी मेमरीची नक्कल लिहिण्याची गरज पडेपर्यंत लांबणीवर टाकणे. तिसरा बदल कठीण आहे, पण पेज टेबल, ट्रॅप आणि लॉक हे तिन्ही त्यात एकत्र येतात, आणि तो करणाऱ्याला व्हर्च्युअल मेमरी वेगळी शिकवावी लागत नाही. लेखी परीक्षेत कोडचा तुकडा देऊन, ही ओळ इथून काढली तर काय घडेल, असे विचारता येते. शिक्षकांच्या तयारीसाठी साहित्य कमी नाही. एमआयटीचे पुस्तक आणि प्रयोग खुले आहेत. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या रेमझी आणि अँड्रिया अर्पासी-दुसो यांचे ‘ऑपरेटिंग सिस्टीम्स : थ्री ईझी पीसेस’ हे पुस्तक फुकट वाचता येते. आपल्या जवळ आयआयटी मुंबईच्या प्रा. मैथिली वुतुकुरू यांची व्याख्याने आणि टिपणे सर्वांसाठी उपलब्ध आहेत, आणि त्यांत एक्सव्ही-६चा कोड उलगडून सांगितलेला आहे. तयार उत्तरे इंटरनेटवर मिळतात, आता एआयही लिहून देते, ही भीती रास्त आहे. पण सिम्युलेशनची उत्तरे तर त्याहून आधीपासून मिळतात आणि ती खरी की उतरवलेली हे ओळखायला काही साधनच नसते. कर्नलमधला बदल ज्याने समजून केला आहे त्याला ओरलमध्ये, हे लॉक इथे का घेतले, एवढे विचारले तरी पुरते.

पुढच्या प्रकरणांचा क्रम म्हणूनच पाठ्यपुस्तकाच्या नेहमीच्या क्रमासारखा नाही. यंत्र चालू होण्यापासून ते शेलचा प्रॉम्प्ट दिसेपर्यंत कोड ज्या वाटेने जातो, त्या वाटेने ती जातात, आणि सूत्रे जिथे लागतील तिथे येतात. त्यांचा अभ्यास करण्यासाठी सी भाषेतले पॉइंटर नीट येणे एवढी पूर्वतयारी पुरेशी आहे. असेंब्ली लागेल तितकी सोबत शिकता येते. पहिले प्रकरण उघडण्याआधी वाचकाने क्यूएमू आणि एक्सव्ही-६ आपल्या संगणकावर उतरवून घ्यावे, कंपाइल करून चालवावे, आणि प्रत्येक प्रकरण त्या कोडची फाइल शेजारी उघडी ठेवूनच वाचावे.